मचाणावर जाताना पिशवीत काय असावे

बुद्धपौर्णिमा जवळ आली की अमडापूर-उंद्रीकडचे हौशी लोक एकमेकांना विचारू लागतात, यंदा ज्ञानगंगा अभयारण्यात प्राणीगणनेसाठी मचाणावर बसायला मिळाले तर सोबत काय न्यायचे? खरे तर रात्रभर जागणे या भागाला नवे नाही. रोही आणि रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून इथले शेतकरी पिढ्यानपिढ्या जागलीला जातात. पण जागलीची सवय मचाणावर उपयोगी पडत नाही, उलट नडते. जागलीला माणूस जातो तो जनावर येऊ नये म्हणून. त्यासाठी तो शेकोटी पेटवतो, बॅटरीचा झोत फिरवतो, डबा बडवतो, मोबाइलवर गाणी लावतो. मचाणावर बसायचे ते जनावर यावे म्हणून. तेव्हा जागलीच्या पिशवीत जे जे असते ते जवळजवळ सगळे घरी ठेवायचे, तयारीची सुरुवात इथून.

आधी जागा समजून घ्या. अजिंठ्याच्या डोंगररांगेतले ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. रान कोरडे, पानगळीचे. मे महिन्यात झाडे उघडी पडतात आणि पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर उरते. अस्वलांसाठी हे जंगल ओळखले जाते. त्याशिवाय बिबट्या, तरस, सांबर, चितळ, भेकर, रोही, रानडुक्कर. वाघाच्या आशेने मात्र जाऊ नका. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक प्रसिद्ध वाघ सुमारे १,३०० किलोमीटर भटकून २०१९ च्या अखेरीस इथे आला, म्हणून ज्ञानगंगेचे नाव देशभर झाले. पण त्याला इथे जोडीदारीण नव्हती आणि २०२१ मध्ये तो गौताळा औट्रमघाट अभयारण्यात दिसला. वाघासाठी गेलेला माणूस समोर आलेले सांबरही धड पाहत नाही, असा माझा अनुभव आहे.

मचाण ही मुळात शिकाऱ्यांची जागा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, मचाण तेवढे राहिले, आणि ते बरेच झाले. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत आजही परवाना काढून एल्कची शिकार होते. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातले, तसेच धिप्पाड जनावर. सिलोनमध्ये गेलेले इंग्रज शिकारी सांबरालाच एल्क म्हणत. कोलोरॅडोच्या शिकाऱ्यांच्या सामानाच्या याद्या पाहिल्या तर बंदुकीइतकाच विचार दुर्बिणीचा, कपड्यांच्या आवाजाचा आणि वाऱ्याच्या दिशेचा केलेला दिसतो. त्यांच्या यादीतून बंदूक, काडतुसे आणि सुरा काढून टाका. उरते ते मचाणाचे सामान. आपल्या कायद्यानेही अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, तेव्हा कोयता आणि चाकू घरीच राहू द्या. डबा उघडायला चाकू लागत नाही.

वस्तू विकत घेताना आपण ती डोळ्यांनी पारखतो. मचाणासाठी ती आधी कानाने आणि नाकाने पारखायची. आवाज होतो का? वास येतो का? या दोन प्रश्नांत निम्मी पिशवी रिकामी होते. जाण्याच्या आदल्या रात्री घरचे सगळे निजल्यावर, अंधारात, भरलेली पिशवी उघडून एकेक वस्तू बाहेर काढा आणि पुन्हा आत ठेवा. स्टीलचा डबा बाटलीला लागून वाजतो, चेन करकरते, वेल्क्रो चरचरते, कुरकुऱ्यांचे पाकीट तर शेजारच्याला उठवते. जे वाजेल ते बदला, नाहीतर जुन्या मोज्यात घाला. पिशवी नव्या चकचकीत नायलॉनची नको. जुनी सुती शबनम किंवा कॅनव्हासची पिशवी, बंदाची.

कपड्यांचेही हेच. सुती, जुने, पुष्कळदा धुतलेले, पूर्ण बाह्यांचे. नवी कोरी खादी कडक असते, हात हलला की आवाज करते. विंडचीटर अंगात घालून मचाणावर हलणारा माणूस पन्नास पावलांवर ऐकू येतो. रंग मातकट, हिरवट, वाळल्या गवताचा. आपल्याकडे उन्हात डोक्याला बांधायचा पांढरा दुपट्टा दिवसा जीव वाचवतो, पण रात्री चांदण्यात तोच लांबून चमकतो. तो गाडीतच ठेवा. सैनिकी ठिपक्यांचे कपडे घालायची हौस अनेकांना असते. त्यांची गरज नाही आणि सैन्याच्या गणवेशासारखे काही घालून वनक्षेत्रात फिरणे शहाणपणाचेही नाही.

रंगाबाबत एक गंमत आहे. कोलोरॅडोत बंदुकीने शिकार करणाऱ्याला अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड घालावेच लागते, दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून. मग एल्क पळून का जात नाही? हरणवर्गातल्या जनावरांना लाल-नारिंगी छटा आपल्यासारख्या वेगळ्या दिसत नाहीत. निळा रंग मात्र त्यांना चांगला दिसतो. म्हणजे आपण निर्धास्तपणे घालतो ती निळी जीन्स मचाणावर तपकिरी शर्टापेक्षा वाईट. कपड्यांना नीळ घालू नका, आणि शुभ्रतेची जाहिरात करणाऱ्या साबणाच्या भुकटीत चकाकी आणणारे पदार्थ असतात, तीही टाळा. साध्या पाण्यात खळबळून, उन्हात वाळवून, कडुनिंबाच्या पाल्यात दोन दिवस गुंडाळून ठेवलेले कपडे सर्वांत चांगले.

वासाचे तर फार जपायचे. अस्वलाची नजर अधू, पण नाक असे की वारा तुमच्याकडून पाणवठ्याकडे असेल तर ते आलेले तुम्हाला कळायच्या आत परत गेलेले असते. सांबरही तसेच. अत्तर, पावडर, सुगंधी तेल, दाढीनंतरचे लोशन काही नको. त्या दिवशी आंघोळ साध्या पाण्याने करा. डासांसाठी अगरबत्ती किंवा मलम लावण्यापेक्षा पायजम्याचे टोक मोज्यात खोचा आणि मान-कान पातळ सुती कापडाने झाका. तंबाखू आणि बिडी ज्यांना सुटत नाही त्यांनी एक रात्र थांबावे किंवा जाऊच नये. अभयारण्यात विस्तव करणे हा गुन्हा आहे, आणि मे महिन्यातल्या त्या वाळल्या पाचोळ्यात एक काडी काय करील ते सांगायला नको. उग्र वास टाळण्याचे आणखी एक कारण: झाडावर कुठे आग्या मोहोळ असेल तर अत्तराने आणि धुराने माश्या उठतात. चढण्यापूर्वी वनरक्षकाबरोबर वरच्या फांद्या बघून घ्या.

आता पैसे कुठे खर्च करायचे ते. एकाच ठिकाणी: दुर्बिणीवर. बाकी सगळे घरातून निघते.

दुर्बिणीवर दोन आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ ८×४२. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ग्राहक पहिल्या आकड्याला भुलतो. विक्रेता सांगतो, ही बघा वीस पट. वीस पट दुर्बीण हातात धरली की चित्र इतके थरथरते की जनावराचे शिंग आणि फांदी यांत फरक कळत नाही. रात्रीसाठी खरा हिशेब वेगळा आहे: दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ८×४२ मध्ये सव्वापाच येतात. इतक्या मिलिमीटर जाडीचा प्रकाशाचा झोत दुर्बिणीतून डोळ्यात उतरतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास. खिशात मावणाऱ्या ८×२५ दुर्बिणीत हा भागाकार तीनच्या जवळ येतो. दुपारी पक्ष्यांसाठी ती ठीक, पण चांदण्यात तिच्यातून काळोखच मोठा होऊन दिसतो. ७×५० मध्ये सात येतात. पूर्वीचे दर्यावर्दी हीच वापरत. पण ती जवळजवळ किलोभर वजनाची असते, आणि पन्नाशी उलटलेल्याच्या डोळ्यात तो जादा प्रकाश शिरतच नाही. त्याने ते ओझे का वाहावे? बहुतेकांना ८×४२ किंवा ८×४० पुरते. १०×५० चाही भागाकार पाच येतो, पण हात स्थिर लागतो आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो.

यात्रेत आणि रस्त्यावर मिळणाऱ्या, लालभडक काचांच्या दुर्बिणी घेऊ नका. तो लाल लेप प्रकाश आत घेण्याऐवजी परतवतो. ‘नाइट व्हिजन’ असे छापलेली साधी दुर्बीणही तशीच. छापल्याने अंधारात दिसत नाही. ९०×८० असले आकडे ज्यावर असतील ती उचलूनही बघू नका. निकॉनसारख्या ओळखीच्या कंपन्यांच्या साध्या दुर्बिणी पुरेशा चांगल्या असतात. चांगल्या स्थितीतली जुनी मिळाली तरी घ्या, मात्र आत बुरशीचे जाळे नाही ना ते उजेडासमोर धरून बघा.

घेण्यापूर्वीची परीक्षा दुकानातल्या दिव्याखाली करायची नाही. मुद्दाम दिवेलागणीला जा आणि समोरच्या निंबाच्या झाडाखालच्या सावलीत दुर्बीण लावा. तिथले खोड, मुळे, बसलेले कुत्रे नुसत्या डोळ्यापेक्षा स्पष्ट दिसले पाहिजे. विजेचा खांब सरळ दिसतो की कडेला वाकतो ते पाहा. दोन्ही डोळ्यांनी पाहताना चित्र एकच दिसले पाहिजे. दोन चित्रे एकमेकांवर सरकत असतील तर डोके दुखणार, ती ठेवून द्या. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबर दुमडून चष्म्यासह पाहा; संपूर्ण गोल दिसायला हवा. घरी आणल्यावर उजव्या डोळ्याकडची चकती आपल्या नंबरानुसार एकदा लावून तिथे पेनाने खूण करा. मचाणावर अंधारात ती लावत बसण्यात रोही पाणी पिऊन निघून जाते.

दुर्बीण नवी असेल तर तिचा सराव गावातच करा. अमडापूरला देवीच्या टेकडीवरून संध्याकाळी भोवतालची शेते दिसतात. बांधावरचा मोर नुसत्या डोळ्यांनी हेरायचा, नजर तिथेच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. दुर्बीण लावून मग जनावर शोधणारा शोधतच राहतो. हे दोन-चार संध्याकाळी केले की हात बसतो.

उजेडाचे साधन एकच न्या, छोटी बॅटरी, पुढे पतंगाचा लाल कागद दुहेरी लावून दोऱ्याने बांधलेला. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका पांढऱ्या झळाळीने ती सगळी वाया जातात. लाल उजेडाने डोळ्याची ही सवय फारशी मोडत नाही. ही बॅटरीसुद्धा पाणवठ्यावर मारायची नाही. ती मचाणाच्या फळीकडे, आपल्या वहीकडे. मोबाइल बंद. ‘सायलेंट’ नव्हे, बंद. आतल्या भागात रेंज नसतेच, आणि रेंज शोधत राहणारा मोबाइल पहाटेपर्यंत मरतो.

कॅमेऱ्याबद्दल लोक रागावतील, पण सांगतो: रात्रीसाठी नेऊ नका. चांदण्यात हातात धरून काढलेल्या फोटोत काळा ठिपका येतो आणि घरी आल्यावर ‘हेच ते अस्वल’ असे दाखवत बसावे लागते. न्यायचाच असेल तर संध्याकाळचा आणि पहाटेचा तास-तासभर वापरा. फ्लॅश तर बंदच, पण फोकस करताना पुढे पेटणारा छोटा दिवाही बंद करायचा असतो, तो बहुतेकजण विसरतात. ‘बीप’ही बंद करा.

मचाणाची फळी टणक असते. गोधडीची चौघडी बसायला आणि पहाटे पांघरायला पातळ घोंगडी, इतके पुरे. मेमध्ये पांघरूण कशाला, असे दुपारी चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात वाटेल; रात्रभर न हलता बसलेल्या अंगाला चारच्या सुमाराचा वारा झोंबतो. पायात जुने कॅनव्हासचे बूट, पूर्ण झाकणारे, विंचू-सापासाठी. वर चढल्यावर ते काढून फळीच्या आतल्या बाजूला ठेवा आणि सकाळी घालण्यापूर्वी झटका.

दोरी विसरू नका. आठ-दहा मीटर सुती दोरी. पिशवी खांद्याला लावून शिडी चढायची नाही. आपण मोकळ्या हाताने चढायचे आणि पिशवी दोरीने ओढून घ्यायची. मचाणाशी संबंधित दुखापत अस्वलापेक्षा शिडीवरून होण्याचा संभव कितीतरी जास्त.

पाणी माणशी चार-पाच लिटर धरा, कारण दुपारीच तिथे नेऊन सोडतात आणि सकाळशिवाय गाडी येत नाही. घरात जुनी कॅनव्हासची छागल असेल तर ती काढा. पाणी गार राहते आणि ती वाजत नाही. प्लास्टिकची बाटली न्यायची तर जाड, न चुरगळणारी. सोबत लिंबू-मीठ-साखरेची पुडी किंवा ओआरएस. जेवण उजेड असतानाच उरका. दशम्या याच कामासाठी आहेत: दुधात भिजवलेल्या, दोन दिवस टिकणाऱ्या, मऊ. त्यांच्याबरोबर साधी कोरडी भाजी. ठेचा, कांदा, लसणाची चटणी नको. वऱ्हाडी जिभेला हे जड जाईल. गूळ आणि पिकलेली केळी उघडी ठेवू नका. अस्वलाला गोडाचा वास ओढतो, आणि अस्वल झाडावर चढते. डबा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा, कापडात बांधलेला. रात्री तोंडात टाकायला खजूर किंवा सोललेले शेंगदाणे, कापडी पुरचुंडीत. साले आणि बिया परत आणायच्या.

लघवीचा विषय चारचौघांत टाळला जातो आणि मग मध्यरात्री एखादा शिडीकडे सरकतो. रात्री खाली उतरायचे नाही, कोणत्याही कारणाने नाही. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली सोबत ठेवा. बायकांसाठी कागदी किंवा सिलिकॉनचे फनेल औषधांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते, घरी एकदा वापरून पाहावे. आडोशाला एक गडद ओढणी किंवा चादर. चहा दुपारनंतर बंद. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीच्या वेळेनुसार सोबत; खोकल्याची ढास असेल तर खडीसाखर पुरणार नाही, त्या वर्षी जागा दुसऱ्याला द्या. घोरणाऱ्यांबद्दलही माझे हेच मत आहे.

जागा कशी निवडावी हे बहुधा तुमच्या हातात नसते, मचाण वनविभाग ठरवून देतो. वर बसल्यावर मात्र दोन गोष्टी बघा. चिमूटभर कोरडी माती सोडून वारा कुठे जातो ते, आणि दक्षिण कुठे आहे ते. वैशाखातला पूर्ण चंद्र आपल्याकडे दक्षिण बाजूने जातो, मध्यरात्रीही थेट डोक्यावर येत नाही. झाडाची सावली अंगावर राहील असे सरकून बसा. सूर्य मावळल्यावर चंद्र वर येऊन पाणवठा उजळायला तासभर जातो. त्या तासात दुर्बीण खाली ठेवा आणि ऐका. मोर गप्प झाले, रातवा सुरू झाला की जंगलाची पाळी बदलली. सांबराचा ‘ढाँक’ असा ठसक्यात आलेला इशारा ऐकू आला तर जवळपास बिबट्या असल्याचे धरून चाला. सांबर उगाच ओरडत नाही. त्यानंतर अर्धा तास हलू नका.

चांदण्यात रंग दिसत नाही, आकार दिसतो. तरसाची पाठ खांद्याकडून मागे उतरती. रोहीचीही तशीच, पण ते उंचीला घोड्यासारखे. अस्वल म्हणजे डोके खाली घालून येणारा काळा ढिगारा, आवाज आधी, आकार नंतर. सांबर पाण्याशी येण्याआधी कडेला बराच वेळ दगडासारखे उभे राहते. नवखा माणूस तिथे झाड आहे असे समजतो आणि झाड पाणी प्यायला लागते.

नोंदणीची पद्धत आणि शुल्क दर वर्षी बदलू शकते, आणि पौर्णिमाही सरकते: २०२६ मध्ये ती १ मेला, २०२७ मध्ये २० मेला. तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीलाच वन्यजीव विभागाच्या जवळच्या कार्यालयात जाऊन विचारा. ऐनवेळी ओळख लावून जागा मिळवू नका. त्या एका जागेसाठी एखाद्या विद्यार्थ्याचे नाव गळते.

राहिली वही. शिसपेन न्या, बॉलपेनचे बटण रात्री वाजते. विभाग छापील तक्ता देतो. त्यात वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू असे दिसेल तसे, दिसेल तेव्हा भरा. सकाळी आठवून भरलेल्या तक्त्यात जनावरे वाढतात. वाघ-बिबट्यांचे अधिकृत अंदाज आता कॅमेरा ट्रॅपवरून काढले जातात, तुमच्या तक्त्यावरून नाही. पण कोणत्या पाणवठ्यावर किती वाजता काय आले आणि कुठे काहीच आले नाही, हे विभागाला त्यातून कळते. रात्रभर एकही जनावर फिरकले नाही तर रकान्यात शून्य लिहा, सही करा आणि गाडीत बसण्यापूर्वी तक्ता वनरक्षकाच्या हातात द्या.